नवा ब्रेक, जुना रस्ता

रत्नागिरीत मृगाची पहिली सर आली की सर्वांना सुखावतो तो मातीचा वास. दुचाकीवाल्याने मात्र त्या वेळी रस्त्याकडे पाहावे. आठ महिन्यांची धूळ, ट्रकांतून ठिबकलेले ऑईल, टायरांचे झिजलेले रबर आणि मिरकरवाड्याहून निघालेल्या मासळीच्या गाड्यांतून गळलेले पाणी, या सर्वांचा त्या पहिल्या सरीत डांबरावर एक पातळ, बुळबुळीत थर तयार होतो. पुढे आषाढात धो धो पाऊस लागला की रस्ता धुऊन तरी निघतो. पण तो पहिला अर्धा तास फसवा. समोर अचानक कुत्रे आडवे येते, घाबरून ब्रेक दाबला जातो, चाक जागच्या जागी अडते आणि गाडी मात्र पुढे जात राहते. मग घरी फोन येतो, "गाडी स्लिप झाली."

हे वाक्य आपल्याकडे फार सोयीचे झाले आहे. त्यात कर्ता गाडी असते. चालवणारा कुठे दिसत नाही, गाडी बनवणारा दिसत नाही, आणि रस्ता करणारा तर मुळीच दिसत नाही. या तिघांपैकी कुणाकडून काय चुकले, याचा विचार करायची वेळ आता आली आहे. कारण घसरणाऱ्या चाकावरचा एक उपाय, अँटी-लॉक ब्रेक म्हणजेच 'एबीएस', सर्वसामान्यांच्या गाडीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०१६ मध्ये नियम केला, की १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना एबीएस असलेच पाहिजे. नव्या मॉडेलना तो १ एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलना १ एप्रिल २०१९ पासून लागू झाला. १२५ सीसी आणि त्याखालील गाड्यांना सवलत होती. त्यांना एबीएस नसले तरी 'सीबीएस', म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना लागणारी जोडव्यवस्था, चालणार होती. पुढे जून २०२५ मध्ये मंत्रालयाने नवा मसुदा प्रसिद्ध केला. इंजिन लहान असो वा मोठे, १ जानेवारी २०२६ पासून तयार होणाऱ्या दुचाकींना एबीएस हवे आणि गाडीबरोबर दोन प्रमाणित हेल्मेटे द्यावीत, असे त्यात सुचवले होते. उत्पादकांनी तारखेबद्दल आणि किमतीबद्दल हरकती घेतल्या. तारखेचा वाद दिल्लीत चालू द्या. आपण घरी बसून त्या ब्रेकचा जमाखर्च मांडून पाहू.

विमानातून दुचाकीत

हे यंत्र मुळात विमानासाठी जन्माला आले. ओल्या धावपट्टीवर उतरताना चाके अडू नयेत म्हणून डनलॉप कंपनीने १९५० च्या दशकात 'मॅक्सरेट' नावाची योजना काढली. १९५८ मध्ये इंग्लंडच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेने ती एका मोटारसायकलवर बसवून पाहिली. ती गाडी होती रॉयल एनफिल्डची 'सुपर मेटिऑर'. म्हणजे ज्या नावाच्या गाडीची धडधड आपल्याला परिचित आहे, तिच्याच एका थोरल्या बहिणीवर हा प्रयोग झाला. प्रत्यक्ष बाजारात मात्र एबीएसवाली मोटारसायकल यायला १९८८ साल उजाडले. ती बीएमडब्ल्यूने आणली. भारतीय कंपन्यांत पहिला मान २०११ मध्ये टीव्हीएसच्या 'अपाचे'ला मिळाला.

त्याचे काम समजायला सोपे आहे. चाकाजवळ एक दातेरी कडी आणि तिचे दाते मोजणारा सेन्सर असतो. ब्रेक दाबल्यावर गाडीच्या मानाने चाक फारच झपाट्याने मंदावू लागले, की आता ते अडणार हे यंत्र ओळखते आणि ब्रेकचा दाब क्षणभर सैल करते. चाक फिरले की पुन्हा दाबते. असे सेकंदाला अनेक वेळा घडते. कसलेला ड्रायव्हर निसरड्या रस्त्यावर ब्रेक 'सोड-दाब' करत आणतो, तेच काम हे यंत्र माणसाला जमणार नाही इतक्या वेगाने करते.

चारचाकीचे चाक अडले तर ती घसरत जाते, पण निदान उभी राहते. दुचाकीचे तसे नाही. फिरते चाक आणि हँडलची बारीक हालचाल यांच्या आधारावर ती तोललेली असते. पुढचे चाक अडले की तो आधार जातो आणि डोळ्याचे पाते लवायच्या आत माणूस रस्त्यावर पडतो. म्हणून मोटारीत एबीएस ही चांगली सोय असेल, पण दुचाकीत पडणे आणि न पडणे यातला तो फरक असतो.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. "पुढचा ब्रेक मारू नकोस, पालथा पडशील" हा उपदेश पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. त्यात तथ्य एवढेच, की पुढचा ब्रेक अविचाराने करकचून दाबला तर धोका असतो. परंतु ब्रेक लागताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. त्यामुळे खरी थांबवण्याची ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. त्या भीतीपायी आपली मुले आयुष्यभर मागच्या ब्रेकवर विसंबून गाडी चालवतात आणि ऐन वेळी गाडी हवी तिथे थांबत नाही. एबीएस ही भीती काढून टाकते. माझ्या मते हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे.

जमेची बाजू

परदेशातले आकडे त्याच्या बाजूने बोलतात. इटली, स्पेन आणि स्वीडन या तीन देशांतील अपघातांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एबीएस असलेल्या मोटारसायकलींवर माणसे जखमी होण्याचे अपघात इटलीत २४, स्पेनमध्ये २९ आणि स्वीडनमध्ये ३४ टक्क्यांनी कमी आढळले. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये दिलेला आकडा प्राणघातक अपघातांपुरता आहे. तिथे ही घट २२ टक्के होती. युरोपीय संघाने २०१६ पासून १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना एबीएस सक्तीचे केले.

आता आपले आकडे पाहा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यातली ७४,८९७, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के, दुचाकीवरची होती. म्हणजे दर दिवशी दोनशेहून अधिक. दुचाकी हे आपल्याकडे हौसेचे वाहन नाही, ते कुटुंबाचे वाहन आहे. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जाणारा कामगार, पावसहून आंब्याच्या पेट्या बांधून येणारा बागायतदाराचा मुलगा, भाट्याच्या पुलावरून मुलाला शाळेत सोडणारी आई, यांना दुचाकीवाचून पर्याय नाही. त्यांच्यापैकी एक जण पडला की घराचे अर्थकारणच पडते. सक्तीचा तृतीय पक्ष विमा दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. स्वतः घसरून मोडलेल्या गाडीला त्यातून छदाम मिळत नाही. गाडीच्या मालकाला १५ लाखांचे व्यक्तिगत अपघात संरक्षण असते, पण ते मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी. मोडलेला पाय प्लास्टरमध्ये घालून तीन महिने घरी बसलेल्या रोजंदारीवाल्याची भरपाई त्यातून होत नाही.

खर्चाची बाजू

आता दुसरे पान. पहिली हरकत पैशाची. बँकेच्या नोकरीत वाहनकर्जाचे अर्ज वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून गेले. त्या वेळी एकच गाडी एबीएससह आणि एबीएसविना अशी दोन्ही प्रकारांत मिळे. एक तरुण दोन कोटेशने घेऊन आला होता. त्याने शांतपणे विचारले, "साहेब, ब्रेक तर दोन्हींना आहेत ना? मग जादाचे पैसे कशाला?" त्याच्या कोटेशनमध्ये सीट कव्हर होते, क्रॅश गार्ड होता, मडगार्डवरची नक्षीही होती. तो काही उधळ्या नव्हता. दिसणाऱ्या वस्तूला किंमत देणे आणि न दिसणाऱ्या सुरक्षिततेला न देणे हा त्याचा एकट्याचा नव्हे, आपल्या सर्वांचाच स्वभाव आहे. म्हणून अशी गोष्ट ऐच्छिक ठेवून चालत नाही. ती कायद्याने सगळ्यांनाच घ्यावी लागते.

लहान गाड्यांपैकी पुष्कळशा ड्रम ब्रेकच्या आहेत आणि एबीएसला तेलाच्या दाबावर चालणारा डिस्क ब्रेक लागतो. त्यामुळे यंत्राबरोबर ब्रेकही बदलावा लागणार, हे उत्पादकांचे म्हणणे खोटे नाही. हिशेबासाठी समजा चार हजार रुपये वाढले. अकरा टक्के व्याजाने तीन वर्षांच्या कर्जात त्याचा हप्ता महिन्याला सुमारे १३० रुपये येतो. मोबाईलचे रिचार्ज त्याहून महाग आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करासह ८० हजारांना मिळणारी गाडी त्यामुळे सव्वासहा हजारांनी स्वस्त होते. सरकारने सोडलेल्या करातला काही भाग ब्रेकवर खर्च झाला तर ते गरिबांवर संकट म्हणता येणार नाही.

दुसरी हरकत देखभालीची. ती कोकणात जरा जास्त गांभीर्याने घ्यायला हवी. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते आणि आपल्याकडे ओलाव्याला तोटा नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, समुद्राची खारी हवा आणि जांभ्याचा लाल चिखल यांच्यात ती दातेरी कडी आणि सेन्सर स्वच्छ राहणे ही चैन ठरते. बिघाड झाला तर डॅशबोर्डवरचा दिवा पेटून राहतो. साधा ब्रेक चालतो, पण एबीएस नसते. लांजा-संगमेश्वरच्या खेड्यातला मेकॅनिक कार्ब्युरेटर डोळे मिटून जुळवतो. या यंत्राची तपासणी त्याला कोण शिकवणार? कंपन्यांनी गाड्या विकताना या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

तिसरी गोष्ट 'चॅनेल'ची. एबीएस लिहिलेल्या सगळ्या गाड्या सारख्या नसतात. एकेरी चॅनेलमध्ये फक्त पुढच्या चाकाला संरक्षण असते, मागचे चाक अडू शकते. दुहेरीत दोन्ही चाके येतात. शोरूममध्ये चकचकीत अक्षरांत तीन अक्षरे लिहिलेली असतात, पण एकेरी की दुहेरी हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

चौथी गोष्ट माणसाच्या मनाची. १९८० च्या दशकात जर्मनीतील म्युनिक शहरात काही टॅक्सींना एबीएस बसवून पाहिले. त्या टॅक्सींचे अपघात इतरांपेक्षा कमी झाले नाहीत. ब्रेक चांगला आहे या भरवशावर ड्रायव्हर अधिक बेदरकार झाले होते. दुचाकीचा अनुभव त्यापेक्षा चांगला आहे, हे वरच्या आकड्यांवरून दिसते. तरीही वेगाचे गणित कुठलेच यंत्र बदलू शकत नाही. ताशी ३० ऐवजी ६० वेगाने गेलात तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. टायर गुळगुळीत झाला असेल तर एबीएस कशाला पकडणार? आणि डोक्यावर हेल्मेट नसेल तर पडण्याची उरलेली प्रत्येक शक्यता तितकीच जीवघेणी राहते. २०२२ मध्ये हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसे अपघातात गेली. जुलै २०१६ मध्ये तत्कालीन परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' अशी घोषणा केली तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला! ज्या समाजाला डोक्यावरचे संरक्षण जाचक वाटते, तो चाकातल्या संरक्षणावर निर्धास्त होऊन बसेल, ही भीती अनाठायी नाही.

यंत्राला न जमणारे

इथवर जमाखर्च मांडला तर शिल्लक एबीएसच्या बाजूने पडते. किंमत सोसण्याजोगी आहे, देखभाल शिकवता येते, मनाला लगाम घालता येतो. पण एक नोंद अशी आहे, जी दुचाकीस्वाराच्या खात्यावर घालणे अन्यायाचे होईल.

सुट्या खडीवर एबीएसचा उपयोग कमी होतो. साध्या ब्रेकने अडलेले चाक खडीत रुतते आणि पुढे तिचा ढीग करून थांबते. एबीएस चाकाला रुतू देत नाही, त्यामुळे थांबायचे अंतर उलट वाढू शकते. दुसरे म्हणजे, वळणावर गाडी कलती असताना टायरची बरीच पकड वळण्यातच खर्ची पडलेली असते. गाडी किती कलली आहे हे ओळखणारे एबीएस महागड्या गाड्यांत असते. शंभर सीसीच्या गाडीतले साधे यंत्र ते ओळखत नाही. थोडक्यात, सरळ आणि ओल्या डांबरावर हे यंत्र गुणी आहे. खडी, चिखल आणि वळण एकत्र आले की त्याचे हात बांधले जातात. परदेशातले ते आकडे मुख्यतः मोठ्या गाड्यांचे आणि नीट राखलेल्या रस्त्यांचे आहेत, हेही इथे लक्षात ठेवले पाहिजे.

आता सांगा, खडी, चिखल आणि वळण एकत्र कुठे येतात? परशुराम घाट, भोस्ते घाट, निवळी घाट, आंबा घाट ही नावे घेतली तरी पुरे. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम पनवेलकडून २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढची दहा-बारा वर्षे कोकणी माणसाने अर्धवट पूल, रातोरात बदलणारी वळणे आणि डायव्हर्जनवर पसरलेली खडी यांतून वाट काढली. गणपतीला चाकरमानी पाठीवर सॅक आणि मागे बायकोला घेऊन मुंबईहून मोटारसायकलवर निघतो, तो याच रस्त्याने. हातखंब्याला गोव्याचा आणि कोल्हापूरचा रस्ता एकत्र येतात. अवजड टँकर आणि दुचाकी तिथे एकाच उतारावर असतात. डोंगर कापल्यावर पावसाबरोबर खाली येणारी लाल माती डांबरावर साबणासारखी पसरते. त्या मातीवर चार हजारांचे यंत्र किती पुरणार?

आणि अपघात झालाच तर कागदावर काय येते? 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून, हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगाने वाहन चालवून' हे शब्द बातम्यांतून वाचून आपल्याला पाठ झाले आहेत. २०२२ च्या सरकारी अहवालात रस्त्यावरील मृत्यूंपैकी सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या नावावर टाकलेले आहेत. अतिवेग असतो, नाही असे नाही. पण 'रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष' या शब्दांकडे जरा थांबून पाहावे. त्या परिस्थितीकडे दुचाकीस्वाराने एक क्षण दुर्लक्ष केले असेल. ज्यांचे ते कामच आहे त्यांनी किती महिने केले, याला त्या कागदात रकाना नसतो.

कायद्यात तशी सोय नाही असे नव्हे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने कुणाचा मृत्यू झाला किंवा कुणाला अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणेला वा ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे वा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आणि ती रक्कम जबाबदार व्यक्तींकडून वसूल करायलाही सांगितले. अपघातांच्या 'ई-डार' या संगणकीय नोंदीत रस्त्याची माहिती भरण्याचीही व्यवस्था आहे. हत्यारे आहेत, ती उपसायला हवीत.

म्हणून माझे मत असे. एबीएस सर्व दुचाकींना हवे, लहान गाड्यांना तर आधी हवे. कारण त्या चालवणाऱ्याला पडणे सर्वांत कमी परवडते. पण त्याची सक्ती हा करार मानावा. नागरिकाने हप्त्यात १३० रुपये जास्त भरून आपला वाटा उचलला, तर डायव्हर्जनवरची खडी झाडणे, वळणावर माती येऊ न देणे आणि ठेकेदाराच्या चुकीची नोंद ठेवणे हा शासनाचा वाटा आहे. पहिला वाटा पावतीवर छापून वसूल होतो. दुसरा आपण मागितल्याशिवाय मिळणार नाही.

घरातल्यांसाठी चार गोष्टी सांगतो. मुलगा वा मुलगी गाडी घेणार असेल तर 'एबीएस एकेरी की दुहेरी' हे स्वतः विचारा. गाडी घरी आली की एखाद्या मोकळ्या मैदानात सावकाश वेगात दोन्ही ब्रेक एकदम दाबून पाहायला लावा. ब्रेकची मूठ हाताखाली थरथरली तर ती बिघडलेली नाही, यंत्र काम करते आहे. घाबरून सोडायची नाही, हे तिथेच कळलेले बरे. ब्रेकचे तेल आणि टायर पावसाळ्यापूर्वी बघा. जुन्या गाडीला एबीएस बाहेरून बसवून घेण्याच्या फंदात पडू नका. तिच्यासाठी वेग कमी ठेवणे आणि दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबणे हाच उपाय आहे. मागे बसणाऱ्याने पावसात छत्री उघडून धरू नये, रेनकोट घालावा. वाऱ्याने छत्री उलटली की तोल जातो आणि तो सावरणे कुठल्याही ब्रेकच्या हातात नसते.

आणि यानंतर कुणी "गाडी स्लिप झाली" असे सांगत आले, तर आधी लागले किती ते पाहा, मलमपट्टी करा, आणि मग एक प्रश्न जरूर विचारा: कुठे, आणि तिथे रस्त्यावर काय पडले होते? उत्तर खडी किंवा माती असे आले तर मोबाईलवर त्या जागेचा फोटो काढून ठेवा आणि पोलीस ठाण्यात व बांधकाम खात्यात लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. बँकेत इतकी वर्षे काढल्यावर एवढे मी खात्रीने सांगू शकतो, की पोच घेतलेला कागद सहजासहजी कुणाला दडपता येत नाही.